गच्चीवर मी व्यायाम करत होते

मी बरी झालेली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण असे अनुभव लिहिणारी माणसं शेवटी एखादा डोंगर चढून दाखवतात आणि वाचणारी, जिला अजून पलंगावरून धड उतरता येत नाही, ती आणखी खचते. माझ्या मणक्याला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस नावाचा आजार आहे. तो जात नाही, पण ताब्यात ठेवता येतो आणि सध्या माझ्या ताब्यात आहे. हे माझं यश आहे. मध्यंतरी काही लोकांनी ते देवीच्या नावावर लावायचा प्रयत्न केला, म्हणून हे लिहायला घेतलं.

एरवी मी बोलणारी मुलगी नाही. शाळेत इंग्लिश, घरी मराठी, आणि पप्पांच्या थोरल्या बहिणीकडे, म्हणजे आमच्या अक्कांकडे, सगळी अहिराणी. मी तिन्ही भाषांत गप्प बसायला शिकले.

गादी, कॅल्शियम, मोबाईल

सुरुवात कमरेतून झाली. सकाळी उठलं की पाठ लाकडाची. धुळ्याला देवपूरमधल्या आमच्या घरात पलंगापासून मोरीपर्यंत मी भिंतीला हात लावत जायचे, आणि भिंतीच्या रंगावर त्या उंचीला एक मळकट पट्टा उमटला होता. आईने तो दिवाळीत घासून काढला.

कारणं सगळ्यांकडे तयार होती. एका डॉक्टरांनी गादी बदलायला सांगितली, दुसऱ्यांनी कॅल्शियम दिलं, तिसऱ्यांनी कमरेचा पट्टा. पप्पा म्हणाले, मोबाईल. शेजारच्या शोभाकाकू म्हणाल्या, "सीएच्या ऑफिसात दिवसभर बसून असते, दुसरं काय होणार?" आणि सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं: आराम कर. मी आराम केला की दुखणं वाढायचं. ते सांगितलं की लोक हसायचे, कारण आरामाने दुखणं वाढतं असं कोणी ऐकलेलं नव्हतं. मग मी सांगणं बंद केलं.

निदानाचा दिवस

जळगावला सांध्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लागला. ते तपासण्याआधीच म्हणाले, "पडून राहिल्यावर बरं वाटतं की हिंडल्याफिरल्यावर?"

मी म्हटलं, "हिंडल्यावर." आणि आईकडे बघितलं. तिने मान खाली घातली. घरी याच उत्तराला नखरे म्हणायचे.

रक्ताचे रिपोर्ट आणि एमआरआय घेऊन पुन्हा गेलो, तेव्हा डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागले. मीही इंग्रजीत उत्तरं दिली, सवयच आहे. थोड्या वेळाने लक्षात आलं की आई कधी त्यांच्या तोंडाकडे, कधी माझ्या तोंडाकडे बघते आहे. तिच्या मुलीला काय झालंय हे तिच्यासमोरच बोललं जात होतं आणि तिला अंदाजाने ओळखावं लागत होतं. बाहेर येऊन मी तिला सांगायला गेले, तर मला मराठीत शब्द सापडेनात. शेवटी म्हटलं, "शरीर स्वतःच्याच पाठीवर उलटलंय. सूज येते. लक्ष नाही दिलं तर मणके एकमेकांना चिकटत जातात."

"आणि लक्ष दिलं तर?"

"तर नाही चिकटत. बहुतेक."

धुळ्याच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. बाहेर केळीचे घड भरलेले ट्रक उभे होते. बस एरंडोलच्या पुढे गेल्यावर ती म्हणाली, "हे कुठे बोलू नकोस, ऋतू. अक्कांना तर अजिबात नाही. अजून तुझं सगळं व्हायचंय."

सगळं म्हणजे लग्न. मी हो म्हटलं. हो म्हणणं मला तेव्हा सोपं जायचं.

सलाईनची खोली

गोळ्यांनी भागेना, तेव्हा सलाईनमधून द्यायचं औषध सुरू झालं. दर काही आठवड्यांनी जळगाव. एक लांबट खोली, ओळीने खुर्च्या, प्रत्येकाच्या शेजारी एक स्टँड. सिस्टर सगळ्यांना ताई-भाऊ म्हणतात आणि शीर सापडली नाही की रुग्णाऐवजी स्वतःवर चिडतात. हे मला फार आवडतं. दुपारी डबे उघडतात. एका हाताला सुई असल्यामुळे पोळी तोडायला शेजाऱ्याची मदत लागते. अनोळखी माणसाने आपली पोळी तोडून देण्यात काय दिलासा असतो, हे मला आधी माहीत नव्हतं.

तिथे असोद्याचे एक नाना यायचे. केळीची शेती, अंगावर पांढरा सदरा, आणि पाठ पूर्ण वाकलेली. माझाच आजार, पण निदान उशिरा झालेला. त्यांना समोरच्याशी बोलायचं तर मान वळवून तिरकं बघावं लागायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुले काय झालं, पोरी?" मी सांगितलं. त्यांनी मान वळवून माझ्या पाठीकडे बघितलं.

मग म्हणाले, "मले त कोनी सांगलंच नही. सारे म्हने, आराम करा. मी आराम केला. आता भुईवरचं सारं दिसते. मानसाचं तोंड पाहाचं असलं त त्याले खाली बसा लागते."

हे त्यांनी विनोद म्हणून सांगितलं. खोलीतले दोघंतिघं हसलेही. मी मात्र घरी जाऊन आरशासमोर बाजूने उभी राहिले आणि बराच वेळ स्वतःची पाठ बघितली. मला नेमकी कशाची भीती वाटत होती ते त्या दिवशी कळलं. मला लोकांच्या डोळ्यांत बघायला आवडत नाही, कधीच आवडलं नाही. पण न बघणं हे मी ठरवलेलं असायला हवं, पाठीने नव्हे.

उभं राहणं

फिजिओथेरपिस्टने व्यायाम दिले होते. मी ते करायचे, चुकवायचे, पुन्हा करायचे. एकदा पट्टा धरून पाय इतका ताणला की पुढचे काही दिवस चालता येईना. माझ्यात एक वाईट विद्यार्थिनी आहे, जिला वाटतं की जास्त दुखलं म्हणजे जास्त मार्क.

मग ऑनलाईन एक वर्ग सापडला. ताओ या चिनी पद्धतीचे ताण आणि ध्यान, अगदी नवशिक्यांसाठी. शिकवणारी बाई हळू, साध्या इंग्रजीत बोलायची. पहिल्या तासाला तिने फक्त उभं राहायला सांगितलं. पायांत खांद्यांइतकं अंतर, गुडघे किंचित सैल, हात समोर, जणू मोठा माठ कवेत धरलाय. श्वास नाभीच्या खाली जातोय एवढंच बघायचं. मला वाटलं, यात काय शिकायचं? थोड्याच वेळात मांड्या थरथरायला लागल्या आणि लक्षात आलं की मी इतकी वर्षं उभी राहतच नव्हते, कुठेतरी टेकत होते.

दुसरी गोष्ट तिने सांगितली ती मी भिंतीवर लिहून ठेवावी इतकी मला पटली. जितकं ताणता येईल त्याच्या सत्तर टक्केच ताणा. दुखत असेल त्या दिवशी त्याहूनही कमी. उरलेलं शरीराकडे राहू द्या, म्हणजे ते तुम्हाला घाबरणार नाही. शाळेपासून मला कोणीही सत्तर टक्क्यांवर थांब असं म्हटलेलं नव्हतं.

फिजिओला दाखवलं. तिने एक-दोन हालचाली बंद करायला लावल्या आणि बाकीच्याला हरकत नाही म्हणाली. पप्पांची हरकत होती. "आपलं योगासन काय कमी पडलं? चिनी कशाला?"

"पप्पा, तुमचा मोबाईल चिनी आहे."

ते पेपर वाचायला लागले. मी स्वतःच चकित झाले, कारण असं उत्तर मला सहसा दोन दिवसांनी आंघोळ करताना सुचतं.

घरात हात पसरले की कपाटाला लागायचे, म्हणून गच्चीवर जायला लागले. सकाळी, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. दोन्ही तळवे वर, आकाश उचलल्यासारखे. मग धनुष्य ताणल्यासारखा एक हात लांब आणि दुसरा छातीशी. मग कमरेतून सावकाश डोलणं. शेवटी सतरंजीवर बसून डोळे मिटायचे आणि आतल्या एकेका अवयवाकडे बघून मनात हसायचं. हे शेवटचं मला आधी फारच बावळटपणाचं वाटलं. ज्या पाठीचा मी राग राग करत होते तिच्याकडे बघून हसायचं? पण करून बघितलं. आजार गेला नाही. मात्र सकाळी मोरीपर्यंत जाताना भिंत लागेनाशी झाली. औषधामुळे की उभं राहण्यामुळे, ते मी वेगळं काढू शकत नाही आणि काढणारही नाही. दोन्ही चालू आहे.

शोभाकाकूंचा नारळ

श्रावण लागला. आमच्या खानदेशात या महिन्यात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला डोळे, नथ लावून देवी चौरंगावर मांडतात, सगळी भावकी एका घरी जमते, माणशी सव्वा मूठ या हिशेबाने गहू दळून नैवेद्याचे रोट होतात, आणि सोमवारी सकाळी एखादी बाई तो चौरंग डोक्यावर घेऊन नदीकडे निघते. ढोल वाजतो. कोणाकोणाच्या अंगात येतं. यंदा कानबाई आमच्याकडे बसणार होती.

त्याच्या आदल्या आठवड्यात शोभाकाकू सकाळी आल्या. हातात नारळ आणि हळद-कुंकू. मी नुकतीच गच्चीवरून उतरले होते, केस मोकळे होते. त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि लग्न झालेल्या लेकीबद्दल हळूच विचारलं, "आमच्या पिंकीला दिवस कधी जातील?"

मला काहीच समजेना. "काकू, मला कसं माहीत?"

"रोज बघते मी खिडकीतून. डोळे मिटून डोलतेस. हात वर जातात. कोणाला सांगत नाही मी."

"मी व्यायाम करते."

"हो हो," त्या म्हणाल्या, "ज्यांच्या अंगात येते त्या असंच म्हणतात." आणि नारळ ठेवून गेल्या.

ही चूक दुसऱ्या कुठल्या गावात झाली नसती. तिथे मला वेडी म्हटलं असतं, फार तर फॅशनेबल. आमच्या गल्लीत, श्रावणात, मोकळ्या केसांची मुलगी डोळे मिटून सावकाश हलते म्हणजे एकच अर्थ.

मी आईला सांगितलं आणि आम्ही हसू असं मला वाटलं. आई हसली नाही. ती नारळाकडे बघत म्हणाली, "असू दे ना. म्हणू दे त्यांना देवी."

"आई."

"आजार म्हटलं की माणसं मागे सरकतात, ऋतू. देवी म्हटलं की पाया पडतात. दोंडाईच्याचं स्थळ आलंय. मुलाची मावशी कानबाईला येणार आहे."

ती वाईट बाई नाही. माझ्या प्रत्येक सलाईनला ती हातात डबा घेऊन त्या खोलीच्या दारात बसलेली असते. तिने दोन्ही शब्द तोलून बघितले होते आणि तिच्या मुलीला ज्याने कमी त्रास होईल तो निवडला होता.

अक्का

अक्का शुक्रवारीच आल्या. गल्लीतून आत येईपर्यंत त्यांना सगळं कळलेलं होतं.

"काय वं पोरी, माय उनी आनि आमले सांगं बी नही? घरमा दपाडी ठेवं?" देवी आली आणि आम्ही ती घरात लपवून ठेवली, असा त्यांचा आरोप होता.

"अक्का, तो व्यायाम आहे."

"व्यायाम करस तं डोया काब्र मिची लेस?"

मिटलेल्या डोळ्यांचा त्यांना एकच अर्थ माहीत होता. अक्कांनी ठरवूनच टाकलं: सोमवारी चौरंग माझ्या डोक्यावर. फडताळातल्या माझ्या गोळ्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आते हाई बठ्ठं बंद कर. माय आंगमा शे तं औषधनं काय काम?"

सोमवारीच माझी जळगावची तारीख होती. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "एक वेळ पुढे ढकलली तर चालेल का, विचारून बघ ना." अगदी साधेपणाने म्हणाली, पार्लरची वेळ बदलून घे म्हणावं तसं. मानेवर तेवढं वजन घेतलं तर काय होईल, हे तिला माहीत होतं. तरीही म्हणाली.

मी फोन केला नाही. आईला नाही असंही म्हटलं नाही. खोलीत जाऊन उभी राहिले, माठ कवेत घेतल्यासारखे हात समोर. एक तारीख ढकलली की दुसरी ढकलली जाणार. एकदा देवी झाले की आजारी पडायची परवानगी संपणार, आणि पाठ तर वाकायची ती वाकणारच. सगळे पाया पडत असताना.

रविवारची संध्याकाळ

आरती झाली. पुढच्या खोलीत सतरंज्यांवर दाटीवाटीने बायका बसल्या होत्या. गाणी थांबली आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. दोंडाईच्याची मावशी पहिल्या रांगेत होती. अक्कांनी समईची वात पुढे सारली.

"कर वं माय, गच्चीवर करस तसं."

मी उठले.  आवाज मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा निघाला.

"माझ्या अंगात देवी येत नाही. मला मणक्याचा आजार आहे. कायमचा. गच्चीवर मी करते तो चिनी लोकांचा व्यायाम आहे, त्याने पाठ मोकळी राहते. औषधं चालू आहेत. उद्या मी चौरंग घेणार नाही, जळगावला औषध घ्यायला जाणार आहे."

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला. मावशीने पदर सावरला. मागून एकीने विचारलं, "मग डोळे का मिटतेस गं?"

"उघडे ठेवले की शोभाकाकूंच्या खिडकीकडे लक्ष जातं."

कोणीतरी फुसकन हसलं. मग काकूच हसल्या, आणि मग बऱ्याच जणी. त्या हशात भावकीतली एक म्हातारी आत्या म्हणाली, "माझ्या खांद्याला चालेल का ते? वेणी घालता येत नाही मला."

म्हणून मी दाखवलं. तळवे वर, श्वास घेत, जेवढं जाईल त्याच्या सत्तर टक्के. "जोर लावू नका. दुखलं की थांबा." बायका उठून उभ्या राहिल्या. जागा नव्हती, कोपर कोपराला लागत होतं. सगळ्यांचे हात एकदम वर गेले तेव्हा बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरल्या, त्याचा जो आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो. कानबाई नथ घालून समोर बसलेली होती. तिचीही काही तक्रार दिसली नाही.

अक्का उठल्या नाहीत. भिंतीला टेकून म्हणाल्या, "तू तं देवीले मास्तरीन करी टाकं."

शोभाकाकू जाताना दारात थांबल्या. "मग पिंकीचं?"

"मला खरंच माहीत नाही, काकू. तिला डॉक्टरकडे न्या. जावयांनाही न्या, दोघांनाही."

दोंडाईच्याच्या मावशीने पुरणपोळी खाल्ली, साडीचा मान घेतला आणि "कळवतो" म्हणून गेली. अजून कळवलेलं नाही. कळवू नये. मी वाट बघत नाही.

त्या रात्री आईने एकटीनेच सगळं आवरलं. पोळपाट धुऊन उभा केला आणि दिवा मालवला.

जी हे सकाळी भिंतीला धरून वाचते तिच्यासाठी

पाठदुखी सकाळी जास्त आणि हालचालीने कमी होत असेल तर सांध्यांच्या डॉक्टरांकडे जा, गादीच्या दुकानात नाही. व्यायाम कुठलाही निवड, चिनी असो की आपला, पण आधी तुझ्या फिजिओला दाखव. व्हिडिओतल्या बाईला तुझा एमआरआय माहीत नसतो. गोळी बंद कर म्हणणारा माणूस कितीही प्रेमाने म्हणत असला तरी पाठ त्याची नाही. आणि तुझ्या आजाराला लोक दुसरं, गोड नाव देतील. ते घेऊ नकोस. ज्या नावाने औषध मिळतं तेच नाव चांगलं.

सोमवार

सकाळी मी एकटीच निघाले. आईला कानबाईबरोबर नदीवर जावंच लागणार होतं, यजमानीण होती ती. चौरंग धाकट्या काकूने घेतला. मी निघताना आईने डबा पुढे केला, नजर न मिळवता.

पारोळ्याच्या अलीकडे तिचा फोन आला. मागे ढोल इतका वाजत होता की तिचं बोलणं तुटक ऐकू येत होतं. बस मिळाली का, जागा मिळाली का. तेवढ्यात तिच्या जवळून कोणा बाईने विचारलं, "आणि ऋतुजा कुठेय? चौरंग तीच घेणार होती ना?"

आईने फोनवर हात ठेवला नाही.

"ती नाही आली," ती म्हणाली. "मणक्याचा आजार आहे तिला. जळगावला औषध घ्यायला गेलीय."

ती बाई काहीतरी म्हणाली, ते ढोलात बुडालं. आईने आवाज आणखी चढवला, पाऽठीचा नाही, मणक्याचा, आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी जावं लागतं, आणि हो, राहणारच आहे तो. मग मला म्हणाली, "ऐकतेयस ना? त्याचं नाव काय ते, लांबलचक, पुन्हा सांग बरं."

मी सावकाश, तोडून तोडून सांगितलं. तिने ते ढोलाच्या वर आवाज काढून, चुकत, पूर्ण म्हणून दाखवलं.